मूल कोणाकडे जाईल?



२०१६च्या ऑक्टोबरात पनवेल ही रायगड जिल्ह्यातली पहिली महापालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या भागांत देशभरातून कुटुंबं राहायला आली आहेत. बापाची बदली होते, भाड्याचं घर बदलतं आणि एखादं मूल चौथीपर्यंत तीन शाळा पाहतं. आजी दूर, शेजार नवा. अशा मुलाचं सारं जग शाळेतच असतं. म्हणून इंटरनॅशनल शाळेत प्रवेश घेताना जलतरण तलाव आणि वातानुकूलित वर्ग पाहून झाले की एवढं विचारा: माझ्या मुलाला रडू आलं तर ते कोणाकडे जाईल?

इंटरनॅशनल शाळेचा दिवस बसपासून सुरू होतो. सोसायटीच्या फाटकाशी डोळे चोळत उभी असलेली लेकरं तुम्ही रोज पाहता. ८ फेब्रुवारी २०२४च्या परिपत्रकाने राज्य सरकारने सांगितलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही. बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रं कशी बसवायची, हा शाळांचा प्रश्न खरा आहे. तरी माझं मत विचाराल तर आधी झोप.

या बसमधली ताई शाळेचं पहिलं माणूस. रोज खिडकीसाठी भांडणारा मुलगा आज मागे मुकाट का बसलाय, हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. डबा न उघडताच परत नेणारी मुलगी शाळेतल्या मावशींच्या नजरेतून सुटत नाही. पण या दोघींना कोणी विचारतच नाही! समुपदेशकाच्या खोलीवर पाटी असते, आणि तिथे कोण गेलं याची वर्गात चर्चा होते, म्हणून मुलं तिकडे फिरकत नाहीत. मला भावलेले समुपदेशक मधल्या सुट्टीत मैदानावर सापडतात.

सीबीएसईच्या नियमांत समुपदेशक आणि विशेष शिक्षक दोन्ही आहेत. २०२५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवाच, असं बजावलं. पण हजार-दीड हजार मुलांमागे एकच माणूस नेमला तर तपासणीचा रकाना भरतो आणि मुलं तशीच राहतात.

आता अध्ययन-अक्षमतेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथे आपण फार वेळ दवडतो. मूल गप्पांत चटपटीत असतं, गोष्ट रंगवून सांगतं, पण पुस्तक उघडलं की अडखळतं. घरचे म्हणतात, माध्यम इंग्रजी आहे, येईल हळूहळू. कधी ते खरंही असतं. अशा वेळी त्याला घरच्या भाषेतलं पान वाचायला द्या. मराठीतही तीच अडचण दिसली तर तज्ज्ञाकडे जायला हवं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी केंद्र आहे. हार्बर लोकलने कुर्ला आणि तिथून गाडी बदलून शीव. प्रवास त्रासाचा आहेच, पण पालकांना अडवतो तो प्रवास नव्हे, ‘नातेवाईक काय म्हणतील’ हा धाक. मग दहावीच्या पूर्वपरीक्षेत गुण घसरल्यावर धावपळ सुरू होते. तोवर त्या पोराने स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलेलं असतं, आणि ते कुठल्याही प्रमाणपत्राने पुसलं जात नाही. तिसरी-चौथीत तपासणी करा, हे मी हात जोडून सांगते.

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेली मुलंही याच वर्गांत बसतात. फी माफ होते. सहलीचा खर्च, प्रकल्पाचं सामान आणि घरी इंग्रजी समजावणारं कोणी नसणं हे उरतं. त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर अर्धा तास एक शिक्षक थांबला तरी पुष्कळ होईल.

सभागृहात काही संस्थाचालक बसले आहेत, म्हणून एक मागणी करते. आठवड्यातून एकदा बसमधली ताई, मावशी, वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांना एका टेबलाशी बसवा. मुलांची नावं घेऊन बोला, तिथलं बोलणं तिथेच राहू द्या. आणि त्या बैठकीत ताई-मावशींना आधी बोलू द्या.