भक्ती घराबाहेर ओढू लागते तेव्हा

कल्याण-डोंबिवलीहून निघणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजतात, भजनं रंगतात. नवरा किंवा बायको अशा भक्तीत रमली, तर घराला आधारच मिळतो.

काही घरांतलं चित्र मात्र वेगळं असतं. पगार 'सेवे'त जातो. भाच्याच्या लग्नाला जायचं की नाही, हे गुरू ठरवतात. मुलाच्या तापावर डॉक्टरऐवजी अंगारा येतो. जोडीदारानं शंका काढली, की 'तुझी श्रद्धाच कमी' असं ऐकावं लागतं. श्रद्धा इथे निमित्त उरते. माणूस दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

2011 साली काही कुटुंबांनी मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. सनातन संस्थेत गेलेल्या आपल्या माणसांवर संमोहनाचा वापर होतो, असा त्यांचा आरोप होता. संस्थेनं तो नाकारला. पण घरची माणसं कोर्टापर्यंत का जातात, हे त्यातून कळतं.

राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या या कायद्याचा अध्यादेश चार दिवसांत निघाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. वारी, भजन, कीर्तन, प्रवचन यांना त्यात हात लावलेला नाही, आणि ते योग्यच झालं. अघोरी उपाय, दैवी शक्तीच्या नावाखाली फसवणूक किंवा दहशत असेल, तर पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. नुसत्या आंधळ्या निष्ठेवर मात्र कोणतंच कलम लागत नाही. ती लढाई घरातच लढावी लागते.

भांडून ती जिंकता येत नाही. 'घरचे विरोध करतील' हे अशा गटांत आधीच सांगून ठेवलेलं असतं. घरात आवाज चढला, की ते भाकीत खरं ठरतं! अमेरिकेतले स्टीव्हन हसन तरुणपणी मून नावाच्या धर्मगुरूंच्या चर्चमध्ये पुरते अडकले होते. 1976 मध्ये मोटार अपघातात पाय जायबंदी झाला, तेव्हा त्यांनी बहिणीला फोन केला. तिनं नातं तोडलेलं नव्हतं. तिथूनच त्यांची सुटका सुरू झाली आणि पुढे त्यांनी अशा कुटुंबांना मदत करण्यातच आयुष्य घातलं. म्हणून गुरूंची निंदा टाळावी, जुने मित्र, नातेवाईक घरी येत राहावेत, आणि जोडीदाराला स्वतःच्या तोंडानं उत्तर द्यावं लागेल असे साधे प्रश्न विचारावेत.

पैशांच्या बाबतीत मात्र मऊपणा नको. मुलांची फी, घराचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवावेत. स्त्रीधन बायकोचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच स्पष्ट केलं आहे. नवऱ्यानं घरखर्च तोडला, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्याला आर्थिक छळ म्हटलं आहे. जपाननं तर डिसेंबर 2022 मध्ये कायदाच केला: दडपणाखाली दिलेल्या देणगीतला पोटगीपुरता वाटा जोडीदाराला आणि मुलांना परत मागता येतो. आपल्याकडेही अशी तरतूद हवी.

एकट्यानं हे सोसू नका. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मनआरोग्य संस्था 1990 पासून काम करते आहे. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही. जोडीदार समुपदेशनाला यायला तयार नसेल, तरी तुम्ही जा.