दार उघडले, पंगत कोठे बसली?
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



कळंब हे श्रीचिंतामणीचे गाव. येथे देवाकडे पायऱ्या उतरून जावे लागते. जीर्णोद्धार म्हटला की चुना, फरशी व कळस यांचा हिशेब होतो. पण देवळांच्या पायऱ्यांवर पूर्वी कोणाला अडविले जात असे, तोही हिशेब मांडावयास हवा.

हा इतिहास दूरचा नाही. १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख तीत पुढे होते, डॉ. आंबेडकरही तेथील परिषदेस आले होते. पुढच्याच वर्षी वर्ध्यास जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांस खुले केले. पंढरपुरास मात्र १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणास बसावे लागले. त्याच वर्षी मध्यप्रांत-वऱ्हाडात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे शिक्षापात्र ठरले. पण तोवर फार उशीर झाला होता. नाशिकच्या काळारामापुढे १९३० पासून पाच वर्षे तिष्ठलेला समाज १९५६ साली नागपुरास बौद्ध धर्मात गेला. त्यांना बोल लावण्याचा अधिकार दार अडविणाऱ्यांना नाही.

कायद्याने दार उघडते, सतरंजी मात्र गावालाच अंथरावी लागते. हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी नेमके ओळखले. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज उभारल्यावर त्यांनी मोठ्या सभांवरच भर दिला नाही. गावोगावी श्रीगुरुदेव सेवामंडळे काढली. दहा-पंधरा माणसे, ठरलेली वेळ, एकच बैठक, सामुदायिक प्रार्थना आणि सकाळी ग्रामसफाई. रोज ज्याच्या मांडीला मांडी लावून बसावयाचे आणि ज्याच्याबरोबर झाडू धरावयाचा, त्याला विहिरीवर दूर सारणे जड जाते. अमेरिकेतही माँटगोमेरी येथे काळ्या लोकांनी १९५५-५६ साली ३८१ दिवस बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. त्याचे बळ चर्चमध्ये भरणाऱ्या सभांतूनच आले.

तरीही एक गोष्ट बोलावीच लागेल. पुष्कळ गावी प्रवेश सर्वांना असतो, पण वीणा ठराविक घरांकडेच राहते. टाळ कोणालाही मिळतो. महाप्रसादाच्या चुलीजवळ मात्र सगळ्यांना बोलावणे नसते. सप्ताहात गोपाळकाला एका हंडीत कालवावयाचा आणि पंगती वेगळ्या बसवावयाच्या, हा कसला काला?

म्हणून भजनी मंडळाने काही साधे नेम धरावेत. वीणा आळीपाळीने सर्व वस्त्यांकडे जावी. बैठक महिन्यातून एकदा तरी मंदिराबाहेर, एखाद्या वस्तीवर व्हावी. तेथला चहा सर्वांनी घ्यावा. स्वयंपाकाच्या यादीत सर्व मोहल्ल्यांची नावे असावीत, स्त्रियांचीही. कोणाचा अपमान झाला, तर तो कुजबुजीत न विरता त्याच आठवड्याच्या बैठकीत मांडला जावा.

आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी लागेल तेव्हा, ज्यांनी पैशाऐवजी दगड वाहिले, त्यांची नावेही तीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत कोरली जावीत.