चिकटविलेलीं नखें कशीं सोडवावीं



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. ज्या शाळामास्तरानें सारी हयात मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविली, त्यानें स्त्रियांच्या नखांविषयीं बोलावें हें विपरीतच दिसतें. पण गेल्या आषाढांत आमच्या मुलुंडच्या घरीं असा प्रसंग आला कीं, एका संध्याकाळींत मला या विषयाचा सारा अभ्यास करावा लागला. आमच्याकडे जें थोडक्यांत निभावलें तें सर्वत्र निभावेलच असें नाहीं, म्हणून हें धाडस.

सुनेच्या भावाचें लग्न ज्येष्ठांत झालें. त्यासाठीं तिनें घाटकोपरच्या एका पार्लरमध्यें दहाही बोटांवर लांब कृत्रिम नखें बसवून घेतलीं. मला हा थाट फारसा रुचला नाहीं. पण आमच्या मंडळींनीं "चार दिवसांची हौस आहे" असें म्हणून कणीक मळण्याचें आणि भाकऱ्या थापण्याचें काम आपल्याकडे घेतलें, तेव्हां मी बोलणारा कोण? पुढें महिनाभरानें सुनेच्या पोटांत दुखूं लागलें, पित्ताशयांत खडे निघाले आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. इस्पितळांतून निरोप आला कीं, येतांना नखें मोकळीं करून यावें. भूल दिल्यावर रोग्याच्या बोटाला एक चिमटा लावतात. त्यांतून तांबडा आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटांत सोडून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण मोजतात. मध्यें रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा थर असला म्हणजे हें माप चुकण्याचा संभव असतो.

नेमक्या त्याच दिवशीं रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबल्या. घाटकोपर एरव्हीं पंधरा मिनिटांच्या अंतरावर. त्या दिवशीं तें पंढरपुराइतकें लांब झालें. सुनेनें माझ्या टेबलावरची पोलादी मोजपट्टी घेतली, अंगठ्यावरच्या कृत्रिम नखाखालीं सारली आणि जोर केला. तें नख निघालें खरें. पण त्याबरोबर तिच्या स्वतःच्या नखाचाही वरचा पापुद्रा सुटून आला. खालीं पांढरें, खरखरीत आणि हात लावतांच झोंबणारें असें कांहींतरी उरलें.

असें कां व्हावें? आपलें नख एकसंध कांचेसारखें नसतें. वहीच्या पुठ्ठ्याप्रमाणें तें एकावर एक बसलेल्या पातळ थरांचें असतें. कृत्रिम पदार्थ सर्वांत वरच्या थराला इतका घट्ट धरतो कीं, ओढलें असतां त्या पदार्थाची पकड सुटण्याऐवजीं पुठ्ठाच फाटतो. म्हणून मोजपट्टी, कात्री किंवा दांत यांपैकीं कशानेंही उचकटूं नये. नख सैल झालेलें दिसलें, तरी त्याचा कांहीं भाग चिकटलेला असतोच.

दुसरा घोटाळा याहून भयंकर होता. मुलानें भिजत जाऊन औषधांच्या दुकानांतून ॲसिटोनची बाटली आणली. कोमट ॲसिटोन लवकर काम करतें असें कोणी सांगितलें होतें. म्हणून तें वाटींत ओतून सूनबाई शेगडीवरच्या गरम पाण्यांत ठेवावयास निघाली. बाहेरच्या खोलींत मला त्याचा उग्र वास आला. "सूनबाई, आधीं शेगडी बंद कर!" असा मी ओरडलों, इतक्या मोठ्यानें वर्गांतही कधीं ओरडलों नसेन. पाणी 100 अंशांवर उकळतें. ॲसिटोन 56 अंशांवरच उकळतें. त्याची वाफ हवेच्या दुप्पट जड असल्यामुळें ती वर न जातां ओट्यावरून व जमिनीवरून पसरत जाते आणि शून्याखालीं सुमारें 18 अंशांवरही ठिणगीनें पेट घेण्याजोगी असते. शेगडीच काय, देवघरांतली समई, डासांची उदबत्ती किंवा पेटलेली विडीही पुरे. खाडीपलीकडे ऐरोलीस भाजलेल्यांवर उपचार करणारें इस्पितळ आहे. तेथवर जाण्याची वेळ थोडक्यांत चुकली. आम्हीं सारें सामान गॅलरींत हलविलें, आणि समईही त्या रात्रीं शांत केली.

मग पार्लरच्या बाईंस फोन लावला. त्यांनीं जी रीत सांगितली तीच येथें सांगतों. प्रथम आपल्या बोटांवर काय आहे हें ओळखावें, आणि हा प्रश्न नखें बसवितांनाच विचारून ठेवलेला बरा. नुसतीं गोंदानें चिकटविलेलीं तयार नखें असतील, तर कोमट साबणाच्या पाण्यांत बोटें बरींच बुडवून, कडेनें तेल सोडलें असतां तीं बहुधा सुटतात. द्रव व भुकटी कालवून घडविलेलीं ॲक्रिलिकचीं नखें आणि दिव्याखालीं वाळविलेल्या जेलांपैकीं कांहीं जातींचीं नखें ॲसिटोननें नरम होतात. परंतु एक कठीण जातीचें जेल ॲसिटोनला मुळींच दाद देत नाहीं. तें घांसूनच काढावें लागतें, आणि तें काम जाणत्याच्या हातचें आहे. बाटलीवर 'ॲसिटोनरहित' लिहिलेलें असेल, तर तिनें साधा रंग जाईल, नख सुटणार नाहीं.

आमचीं नखें ॲक्रिलिकचीं निघालीं. लांब टोंकें नखकात्रीनें कापलीं. वरचा चकचकीत थर कानशीनें घांसून खरबरीत केला. खालचें खरें नख लागेपर्यंत मात्र घांसावयाचें नसतें. बोटांच्या कातडीस व्हॅसलीन चोळलें. मग ॲसिटोनमध्यें भिजविलेला कापसाचा बोळा प्रत्येक नखावर ठेवून, डब्यांतल्या पोळ्या गुंडाळतात तो चांदीसारखा कागद त्यावर घट्ट गुंडाळला. अंगठा मात्र सोडला; सोललेल्या जागीं ॲसिटोन लावूं नये. द्रव घेण्यास कांचेची वाटी घ्यावी. कित्येक जातींचें प्लॅस्टिक त्यांत विरघळतें. एका वेळीं एकच हात करावा, म्हणजे दुसरा मोकळा राहतो.

वेळ मीं लावली. तीस मिनिटें! दहाव्या मिनिटालाच सून म्हणाली, "बाबा, सुटलें असेल हो." परीक्षेच्या हॉलांत मीं असे विद्यार्थी पुष्कळ पाहिले आहेत. "बस खालीं," असें म्हणालों. अर्ध्या तासानें कागद सोडला तेव्हां तो पदार्थ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा फुगला होता. गोल टोंकाच्या लांकडी काडीनें हळूच ढकलतांच तो सरकला. जो सरकला नाहीं त्यावर पुन्हां बोळा ठेवला. दोन हातांस मिळून दोन तास गेले. शेवटीं साबणानें हात धुवून खोबरेल तेल चोळलें, कारण ॲसिटोन नखांतील व कातडींतील सारा स्निग्धपणा ओढून घेतें. भिजलेले बोळे गॅलरींतच वाळूं दिले.

घरांत लहान मूल असेल, तर आणखी एक गोष्ट ऐका. 1988 सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत दोन मुलांची हकीकत आली होती. नखें सोडविण्याचें द्रव त्यांच्या पोटांत गेलें. त्यांतलें एक मूल दगावलें. त्या द्रवांत ॲसिटोन नव्हतें, ॲसिटोनायट्राइल होतें. नांवांत इतकें साम्य, पण त्यापासून शरीरांत सायनाइड तयार होतें आणि लक्षणें कित्येक तासांनीं दिसतात. म्हणून बाटलीवरील नांव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावें, बाटली कुलुपांत ठेवावी, आणि मुलानें घोट घेतल्याची नुसती शंका आली, तरी बाटलीसकट इस्पितळ गांठावें.

बोट ठणकत असेल, सुजलें असेल, पू दिसत असेल किंवा नखाखालीं हिरवट रंग आला असेल, तर हा घरगुती खटाटोप करूं नये. त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जावें. मधुमेह असलेल्यांनीं तर आधींच विचारावें. हिरवा रंग हा सुटलेल्या नखाखालीं पाणी सांचून वाढलेल्या जंतूंचा असतो. त्यावर पुन्हां नवें नख बसवून तो झांकणाऱ्या मुली आहेत असें ऐकतों. यापलीकडे अविचार नाहीं.

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशीं पार पडली. नऊ नखें लवकरच पूर्ववत् दिसूं लागलीं. पण मोजपट्टीनें उचकटलेल्या अंगठ्याचा डाग तसाच राहिला. हाताचें नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें आणि सारें नवें येण्यास सहा महिने लागतात, हें मीं तिला सांगितलें होतें. तो डाग महिन्या-महिन्यानें पुढें सरकत गेला. संक्रांतीस तिळगूळ देतांना तिनें अंगठा पुढें केला, तेव्हां टोंकाशीं सुतासारखी रेघ उरली होती.