हीटरची केबल आणि वर्कशॉपमधला मीटर
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन, आणि ज्यांच्या डब्यातलं मी पाच वर्षं खाल्लं असे सगळे मित्रमैत्रिणी,

संयोजकांनी मला ‘परदेशातील अनुभव’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी फिनलंडमध्ये ओउलू नावाच्या शहरात राहतो. साधारण ६५ अंश उत्तर. डिसेंबरात तिथे दिवस साडेतीन तासांचा असतो आणि समुद्र गोठून त्यावरून माणसं चालतात. हे सगळं तुम्ही मोबाइलवर बघितलेलं असणार. म्हणून मी एका केबलबद्दल बोलणार आहे. दोन मीटर लांबीची आहे, बॅगेतून आणली आहे. विमानतळावर ती कशाची हे समजावून सांगताना दहा मिनिटं गेली, तेव्हा भाषणाची तालीम झालेली आहे.

आपल्या इचलकरंजीत गाडीला हीटर लागतो हे कुणाला पटणार नाही. तिकडे उणे पंचवीसमध्ये रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी नुसती बर्फाची ढेप असते. इंजिनातलं तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट. तिथल्या बहुतेक पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीसाठी विजेचा खांब असतो, त्याला वायर लावून इंजिन गरम करतात. आमच्या भाड्याच्या घराला तो खांब नव्हता. मग दुसरा उपाय म्हणजे पेट्रोलवर चालणारा हीटर. बुटाच्या खोक्याएवढं यंत्र, बॉनेटखाली बसवलेलं. गाडीच्याच टाकीतून एक छोटा पंप त्याला पेट्रोलचे मोजके थेंब पाठवतो, टिक टिक टिक. आत एक ग्लो पिन लालबुंद होते, पंखा हवा देतो, ज्योत लागते, आणि त्या ज्योतीवर इंजिनातलं पाणी तापतं. आपला बंबच की! फक्त कोळशाऐवजी पेट्रोल आणि फुंकणीऐवजी मोटर. पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता देतो. बंद गॅरेजमध्ये लावायचा नाही, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हे नियम जर्मन कारखान्यांनी जाड पुस्तकात लिहून दिलेले आहेत आणि मी ते पुस्तक उघडलं नव्हतं.

तिसऱ्या हिवाळ्यात तो हीटर गप्प झाला. बटण दाबलं की पंखा थोडा वेळ घरघरायचा, मग बंद. चार-पाच दिवस मी रोज सकाळी बटण दाबत राहिलो, आणि एके दिवशी घरघरही थांबली. नंतर कळलं की त्याने स्वतःला कुलूप घातलं होतं. ज्योत लागली नाही तर न जळलेलं पेट्रोल आत साचतं. पुढच्या वेळी ठिणगी मिळाली तर भडका. म्हणून काही प्रयत्न फसले की त्याचा मेंदू म्हणतो, आता कुणीतरी जाणता माणूस येऊन मला काय झालंय ते विचारेपर्यंत मी काम करणार नाही. मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो ना, तसंच. फक्त इथे जॉबरच्या हातात पाना नको, केबल हवी. वर्कशॉपवाल्याने सांगितलं, केबल लावून नुसतं बघायचे शंभराच्या वर युरो, आणि नंबर नाताळनंतर.

माझा पेशा इलेक्ट्रॉनिक्सचा. मी म्हटलं, वायर तर एकच आहे. केबल आपण करू.

खरंच एकच वायर असते. हीटर आणि त्याला विचारणारा दोघंही त्याच वायरवर बोलतात. वायरवर एरवी बॅटरीचे बारा व्होल्ट असतात. ज्याला बोलायचं तो ती खाली, शून्याकडे ओढतो. देवळातल्या घंटेची दोरी समजा, दोन्ही बाजूंनी माणसं उभी आहेत आणि ज्याला काही सांगायचं तो ओढतो. वेगही काही फार नाही, सेकंदाला २४०० बिट. अडचण एवढीच की कॉम्प्युटरचं यूएसबी पाच व्होल्टवर बोलतं आणि गाडी बारावर. दोघांच्या मध्ये दुभाष्या लागतो. त्यासाठी आठ पायांची एक चिप मिळते, एल ९६३७ डी नावाची, साबुदाण्याहून जरा मोठी. ती, एक यूएसबी अ‍ॅडॉप्टर, ५१० ओहमचा एक रेझिस्टर आणि वायर. सगळं मिळून वीसेक युरो. खरं तर जुन्या गाड्यांसाठी अशा तयार केबल स्वस्तात मिळतात, आत हाच मसाला असतो. मग विकत का नाही घेतली, असं बायकोनेही विचारलं होतं.

चिप पोस्टाने यायला चार दिवस होते. मला दम निघेना. मी अ‍ॅडॉप्टर थेट त्या वायरवर लावून पाहिलं. बारा व्होल्ट पाच व्होल्टच्या पायात गेले. आवाज नाही, ठिणगी नाही, फक्त वास आला.

तो वास मी ओळखला. तो मी आपल्या शाळेत घेतलेला आहे, नववीत, टेक्निकलच्या वर्कशॉपमध्ये. आता हे मी इथे का सांगतोय ते कळेल. ज्याच्याबद्दल सांगतोय त्याला विचारून सांगतोय.

शाळेने नवा मल्टिमीटर घेतला होता. काट्याचा, काळा, काचेच्या कपाटात ठेवलेला. सर ऑफिसात गेले होते आणि कपाट उघडं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. ते मला माहीतच होतं. मला बघायचं होतं की करंट किती असतो. मी खटका ॲम्पिअरवर फिरवला आणि दोन्ही पिना सॉकेटमध्ये घातल्या. व्होल्ट मोजताना मीटर आतून जवळजवळ बंद दार असतो आणि ॲम्पिअर मोजताना जवळजवळ सरळ वायर, हे मला पुढे डिप्लोमाला कळलं. म्हणजे मी सॉकेटमध्ये वायर घातली होती. निळा झोत, तो वास, आणि वर्कशॉपचे दिवे गेले.

मी मीटर टेबलावर ठेवला आणि माझ्या स्टुलावर जाऊन बसलो. माझ्या बाकावरचा मित्र मात्र कुणी न सांगता बोर्डापाशी गेला, किटकॅट उपसला आणि त्यात नवी तार गुंडाळू लागला. लाइट गेली की ती आणायची, एवढंच त्याच्या डोक्यात. तेवढ्यात सर आले. टेबलावर काळा पडलेला मीटर आणि ह्याच्या हातात फ्यूज. “कुणी केलं?” असं सरांनी दोनदा विचारलं. तो काही बोलला नाही. मीही नाही.

दिवाळीपर्यंत त्याला प्रॅक्टिकलला बसू दिलं नाही. त्याचे वडील मागावर जॉबर होते. ते एका शनिवारी ऑफिसात आले आणि मीटरचे पैसे हप्त्याने भरायचं कबूल करून गेले. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव ‘फ्यूज’ पडलं. तुम्ही सगळे त्याला आजही फ्यूज म्हणता. मीही म्हणत आलो. दहावीच्या सेंड-ऑफला त्याच्यावर जी फजितीची नक्कल झाली होती, ती मी लिहिली होती.

असो. दुसरं अ‍ॅडॉप्टर आणलं, चिप आली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग लावून सोल्डरिंग केलं. चिपला बारा व्होल्ट लागतात, ते गाडीच्या बॅटरीतून घ्यायला मन घेईना, म्हणून घरातली एक छोटी बॅटरी लावली. छोटा प्रोग्रॅम लिहिला. ह्या वायरीची एक गंमत आहे: वायर एकच असल्यामुळे आपण जे बोलतो ते आपल्यालाही ऐकू येतं. आपलाच प्रतिध्वनी परत आला की समजायचं, केबल ठीक आहे. माझा प्रतिध्वनी अगदी स्वच्छ येत होता. हीटर मात्र शब्द बोलेना.

दोन संध्याकाळी मी गाडीत बसून काढल्या. उणे वीसमध्ये वायरचं प्लास्टिक काडीसारखं ताठ होतं, कनेक्टरची खिट्टी मोडते, लॅपटॉपची चार्जिंग बघता बघता उतरते. तिसऱ्या दिवशी वैतागून मी सगळ्याचा एक फोटो काढला, बर्फातली गाडी, मांडीवर लॅपटॉप, लोंबणाऱ्या वायरी, आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तुमचे प्रतिसाद माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. अंगठे आले. ‘अभिमान आहे’ आलं. हात जोडलेले आले. कुणीतरी वाढदिवसाचा केक पाठवला. आणि फ्यूजने चार शब्द लिहिले: “अर्थ कुठं धरलाईस मर्दा?”

मी त्याला लांबलचक उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात त्याचाच फोन आला. माझ्याकडे दुपारचे तीन, बाहेर काळोख. त्याच्याकडे साडेसहा, दुकानात गिऱ्हाईक. त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान तुम्हाला माहीत आहे.

“ती बारकी बॅटरी दिसतीया फोटोत. तिची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला लावलीस काय?”

नव्हती लावली.

“मग करंट परत कुठनं येणार?”

मी डिप्लोमा केला, डिग्री केली, सव्वीस वर्षं ह्याच धंद्यात आहे. माझी बॅटरी, माझी चिप, माझा लॅपटॉप हे सगळं आपलं आपल्यात बोलत होतं, म्हणून प्रतिध्वनी स्वच्छ. गाडीला मात्र ते ऐकूच जात नव्हतं, कारण वाट अर्धीच होती. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून बॉडीच्या बोल्टला लावली, तीस सेकंदांचं काम. हीटर बोलला. पडद्यावर सोळा-सतरा आकड्यांची ओळ आली आणि मी गाडीत एकटाच ओरडलो.

चुकांची यादी वाचली: ज्योत लागली नाही, ज्योत लागली नाही, व्होल्टेज कमी, कुलूप. मी लगेच कुलूप काढायला निघालो. तो म्हणाला, थांब. कुलूप का लागलं ते बघ आधी, नाहीतर परवा परत लागेल. सुरू करताना व्होल्ट किती दाखवतंय ते वाच. मी वाचलं. बटण दाबण्याआधी बाराच्या थोडं वर. ग्लो पिन तापायला लागली तसा आकडा घसरत दहाच्या आसपास आला, आणि हीटरने माघार घेतली.

“बॅटरी मेलीया. हीटरला कशाला शिव्या देतोस.”

माझं ऑफिस घरापासून चार किलोमीटर. रोज सकाळी वीस मिनिटं हीटर आणि दहा मिनिटं गाडी. हीटर पेट्रोल जाळतो, पण त्याचा पंखा, पंप आणि पिन चालतात बॅटरीवर. जेवढा वेळ हीटर लावाल तेवढा वेळ तरी गाडी चालवा, असं त्या जाड पुस्तकात लिहिलेलं आहे. नंतर वाचलं.

माझा फिनिश शेजारी, तीन वर्षांत आम्ही चार वाक्यं बोललो असू, त्याने आपली गाडी शेजारी आणून जंपर वायर लावून दिली आणि काही न विचारता घरात निघून गेला. कुलूप काढलं, बटण दाबलं. फ्यूज म्हणाला, फोन त्या पंपाजवळ धर. मी बॉनेटखाली फोन धरला. टिक, टिक, टिक. मग पांढरा धूर, मग एक खोल घरघर, बारक्या विमानासारखी. तो पलीकडून ऐकत होता. म्हणाला, ठोका एकसारखा पडतोय, चालेल. त्याचे वडील मागाचं असंच सांगायचे, लांबूनच.

मग गाडीत ऊब येईपर्यंत आम्ही बोलत राहिलो आणि मी म्हणालो, “तो मीटर मी जाळला होता.”

तो म्हणाला, “म्हाईत हाय. मी मागं उभा होतो की.” आणि लगेच, “नवी बॅटरी घेताना सीसीए बघून घे, थंडीत तेच बघायचं असतं.”

मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस. म्हणाला, तुझ्या बापानं तुला सोडलं नसतं. माझे वडील कसे होते ते आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही दोनदा विचारलं होतं. मी आज उत्तर देतोय, उशीर झाला आहे. मी एक मीटर आणला आहे, काट्याचाच, वर्कशॉपसाठी. पहिल्या मीटरचे पैसे ज्यांनी भरले ते गेल्या वर्षी गेले, त्यामुळे ते ज्यांना द्यायला हवेत त्यांना देता येत नाहीत. हप्ते किती महिने चालले हे मी त्याला विचारलं, त्याने सांगितलं नाही.

आज सकाळी चहाच्या वेळी मी त्याला पहिल्यांदाच त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. त्याने वळूनसुद्धा बघितलं नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा जवळ येऊन म्हणाला, मला वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतोयस.

केबल पहिल्या रांगेपासून मागे पाठवतो. हातात घेऊन बघा. टोकाला जी काळी क्लिप नंतर जोडलेली दिसते, ती त्याची आहे. आणि कृपा करून ती कुणी भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालू नका.