तांबड्या दिव्यापाशी

सकाळचे साडेनऊ वाजले, की तंजावरच्या जुन्या राजवाड्याभोवतीच्या राजवीथींतून सायकलींचा ओघ सुरू होतो. त्यात कचेरीला निघालेले कारकून असतात, शाळेची मुले असतात, हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवून घरी परतणारे असतात. शेजारून कुंभकोणमची बस कर्णा वाजवीत जाते. चौकातला दिवा तांबडा होतो आणि सर्वांना एका रेषेमागे थांबावे लागते. नागरिकाच्या सौजन्याची परीक्षा होते ती या अर्ध्यापाऊण मिनिटात.

रेषेशी एक प्रौढ गृहस्थ पाय टेकून उभा आहे, अशी कल्पना करावी. तो आधी आला म्हणून पुढे आहे. इतक्यात मागून एक तरुण येतो आणि वळसा घालून नेमके त्याच्या चाकापुढे आपले चाक आणून ठेवतो. दुसरा येतो, तो त्याच्याही पुढे. तिसरा तर थांबतच नाही. दिवा हिरवा झाल्यावर दिसते, की पुढे घुसलेल्या तरुणाची चाल अगदीच मंद आहे. आता गृहस्थाला त्याला ओलांडणे भाग पडते आणि ओलांडायचे म्हणजे उजवीकडे, बसच्या वाटेत सरकायचे. पुढच्या चौकात पुन्हा तोच प्रकार.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे. सायकलीचा तोल गतीवर अवलंबून असतो. थांबलेली सायकल पुन्हा चालू लागते तेव्हा पहिली काही पावले ती डावीउजवीकडे झुलते. नेमक्या त्या क्षणी चाकाला चाक भिडले, तर पडणारा मोटारीपुढे पडतो. म्हणूनच दोघांमध्ये हातभर जागा हवी.

मोटारीला नोंदणीचा क्रमांक असतो, चालकाजवळ परवाना असतो; चूक झाली तर ती कोणाची हे शोधता येते. सायकलीला क्रमांक नाही आणि ती चालवण्यास परवाना लागत नाही. एके काळी अनेक नगरपालिका तिला बिल्ला देत; तोही बहुतेक ठिकाणी इतिहासजमा झाला. तांबड्या दिव्यापाशी सायकलस्वार थांबतो, तो बहुधा स्वतःच्याच आज्ञेने. त्याचे सौजन्य भयातून उपजत नाही, म्हणूनच त्याचे मोल अधिक.

अशा सौजन्याची परंपरा तंजावरला परकी नाही. येथील भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली. सरफोजी दुसरे यांच्या कारकिर्दीतील ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. वाटसरू कोण, कुठला, पुन्हा कधी भेटेल काय, हे प्रश्न तेथे गौण होते. तो वाटेवर आहे, एवढ्यानेच त्याचा अधिकार सिद्ध होई. १८५५ मध्ये ते राज्य खालसा झाले. पण वाटेवरच्या अनोळखी माणसाचे आपण काही देणे लागतो, हा विचार खालसा होण्याचे कारण नाही.

मग उद्धटाशी वागावे कसे? ओरडले तर तो ऐकत नाही, उलट चौकात तमाशा होतो. त्याचे अनुकरण केले तर एकाचे दोन उद्धट होतात. त्याचे वय आणि शिक्षणही ध्यानात घ्यावे. तामिळनाडू शासनाने या शतकाच्या प्रारंभापासून शाळेतील मुलामुलींना विनामूल्य सायकली देण्यास आरंभ केला. हे कार्य थोरच. परंतु सायकल हाती आली, म्हणजे रस्त्याची रीतही आपोआप हाती येते असे नाही. पुष्कळांचा उद्धटपणा हा न शिकवलेपणाच असतो.

सबब प्रौढाने आपली जागा सोडू नये आणि रेषाही ओलांडू नये. जवळ आलेल्याला ‘तंबी, जरा मागे’ एवढे हलक्या आवाजात सांगावे. धाकट्याला आपलेपणाने हाक मारण्याचा हा शब्द त्या प्रांतात सर्वांना कळतो. ऐकले तर उत्तम. न ऐकले तर त्याला जाऊ द्यावे, चौकात त्याच्याशी शर्यत लावू नये आणि मागे पाहून, वाट मोकळी असेल तेव्हाच त्याला ओलांडावे. यात कचेरीला पोहोचण्यास मिनिटभर उशीर होईल. परंतु मागे उभी असलेली शाळकरी मुलगी हे सारे पाहत असते. तिला रस्त्याची रीत दुसऱ्या कोणी शिकवलेली नसेल, तर ती शिकेल ती त्या थांबलेल्या चाकाकडे पाहूनच.