नकाशाचा रंग आणि भिंतीचें चित्र

शास्त्रांतील गोष्ट सामान्य माणसाला समजावून देण्यास चित्रासारखें सोपें साधन नाहीं. परंतु चित्र थोडक्यांत बोलतें. उरलेलें वाक्य पाहणारा आपल्या समजुतीनें पुरें करितो. तेथें चूक झाली तर काय होऊं शकतें, हें लातूर जिल्ह्याच्या अनुभवावरून ध्यानांत येतें.

भारताच्या भूकंपनकाशांत १९९३ सालीं पांच विभाग होते. पहिला सर्वांत सौम्य, पांचवा सर्वांत उग्र. किल्लारीचा परिसर पहिल्या विभागांत दाखविलेला होता. असा नकाशा मुख्यतः पूर्वीं नोंदलेल्या भूकंपांवरून आणि भूरचनेच्या ज्ञानावरून आखतात. म्हणून 'पहिला विभाग' याचा शास्त्रीय अर्थ 'उपलब्ध माहितीप्रमाणें येथें सौम्य धक्केच अपेक्षित आहेत' एवढाच. पण वाचणाऱ्याच्या मनांत त्याचा 'येथें भूकंप होत नाहीं' असा अर्थ होण्यास कितीसा वेळ लागतो? १९९२ सालीं किल्लारीस लहान धक्के बसले. कागदावरील रंग मात्र तोच राहिला.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं, पहांटे चारच्या सुमारास सुमारें ६.२ मापाचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसें प्राणास मुकलीं.

पुढें नकाशा बदलला. २००२ सालच्या आवृत्तींत किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागांत गेला. शिवाय पहिला विभाग दुसऱ्यांत मिळवून 'पहिला' हा आंकडाच काढून टाकण्यांत आला. निर्धास्तपणाची समजूत करून देणारें चिन्ह नाहींसें झालें, हें योग्यच झालें.

तथापि एवढी प्राणहानि कां झाली, हें नकाशा सांगूं शकत नाहीं. त्यासाठीं दुसरें चित्र हवें: भिंत उभी कापून दाखविणारी आकृति. तींत दिसतें कीं, दोन-तीन फूट रुंदीची ती भिंत एक नसून दोन आहेत. बाहेरची एक, आंतली एक, मधें दगडगोटे व माती. दोघींना बांधणारें कांहींच नाहीं. वर माळवदाचा जड भार. जमीन हालतांच दोन्ही पापुद्रे अलग होतात आणि घर ढासळतें. उपायही त्याच आकृतींत काढतां येतो: भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत पोंचणारे आरपार दगड. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९३ सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणें ते उंचींत दर दोन फुटांस आणि लांबींत चार फुटांहून अधिक अंतर न ठेवतां बसवावयाचे असतात. हें चित्र निरक्षर गवंड्यासही एका दृष्टिक्षेपांत कळतें.

२१ मार्च २०२४ रोजीं हिंगोली जिल्ह्यांत झालेला ४.५ मापाचा धक्का नांदेडलाही जाणवला. तेव्हां हा विषय जुना झालेला नाहीं. यापुढें असा नकाशा समोर आल्यास श्रोत्यांनीं तीन प्रश्न अवश्य विचारावेत: रंग कशाचा आहे? नकाशा कोणत्या सालचा आहे? आणि जेथें रंग फिका आहे, तेथें धोका कमी आहे कीं माहिती कमी आहे? मग नकाशा बाजूस ठेवून आपल्या घराच्या भिंतीकडे पाहावें.