एकवीस पिढ्यांचा वेताळ

चित्रकथांतला मुखवटाधारी वेताळ मराठीत आला तो मुंबईहून. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि पहिल्याच अंकात वेताळाच्या पट्ट्याची गोष्ट छापली. इंग्रजीसोबत मराठी, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांतून हे अंक निघत. अंक आधी महिन्याला, मग पंधरवड्याला आणि पुढे दर आठवड्याला येऊ लागला.  आजच्या विद्यार्थ्यांचे आजोबा शाळकरी वयाचे होते तेव्हा वेताळ स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर नवा मिळे आणि रद्दीच्या दुकानात जुना. पान फाटलेले असले तरी चाले, शेवटचे पान मात्र शाबूत लागे.

मूळ मालिका अमेरिकेची. ली फॉक या लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मॅन्ड्रेक निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्टीत वेताळ आणला. रे मूर, विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी या चित्रकारांनी त्याला पुढची कित्येक दशके हाताळले. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळे न दिसणारा मुखवटा घालणारा हा नायक सुपरमॅनच्या दोन वर्षे आधीचा. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येते आणि वेळ आली की तो मरतो. मालिकेचे सगळे बळ या मरणात आहे.

मालिकेतली मूळ कथा अशी, की १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटले. त्यातून वाचलेला एकच तरुण किनाऱ्याला लागला आणि जंगलातल्या बांदर जमातीच्या बुटक्या माणसांनी त्याला जगवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ आणि क्रौर्य यांच्याविरुद्ध आयुष्य वेचण्याची शपथ घेतली. मुलगे आणि नातूही हाच वसा चालवतील, हेही त्या शपथेतच आले. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. बाहेरच्यांना वाटते, हा माणूस चारशे वर्षे मेलाच नाही. आपल्या मालिकांमधले नायक म्हातारे का होत नाहीत, याचे उत्तर बहुतेक लेखक देतच नाहीत. फॉकने उत्तर दिले आणि त्याच उत्तरातून गोष्टी काढल्या.

वाचकांच्या लाडक्या कथा पाहिल्या तर मारामारीच्या कथा त्यांत थोड्याच सापडतात. चाच्यांची टोळी परत परत उगवते आणि चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळाही येतो. पट्ट्याची कथा मात्र टिकली. विसाव्या वेताळाला मारेकऱ्याने दगाबाजीने भोसकले आणि त्याचा पट्टा पळवला. अमेरिकेत शिकत असलेला मुलगा परत आला आणि एकविसावा वेताळ झाला. पुढे तोच पट्टा त्याला एका माणसाच्या कमरेला दिसतो. सूडाच्या कथा जगात भरपूर आहेत. इथे पेच असा, की शपथ घेतलेल्या माणसाने स्वतःच्या बापाच्या खुन्याशी कसे वागायचे.

कवटीच्या आकाराच्या गुहेत पूर्वजांच्या जाडजूड वह्या आहेत. प्रत्येक वेताळाने आपल्या हयातीत घडलेले त्यांत लिहून ठेवले आहे. फॉकला नवी गोष्ट हवी असली की एकविसावा वेताळ एखादी वही उघडतो आणि वाचक दोनशे-तीनशे वर्षे मागे जातो. मालिकेतला सर्वांत सरस ऐवज या वह्यांत आहे. सहाव्या वेताळाने चाच्यांच्या एका टोळीला नमवून तिलाच जंगलाची गस्त घालायला लावले आणि त्यातून जंगल गस्ती दल उभे राहिले. या दलाचा प्रमुख कोण, हे दलातल्या कुणालाच ठाऊक नसते. कार्यालयातल्या तिजोरीत हुकमाचा कागद येऊन पडतो, कारण तिजोरीच्या तळाला भुयार आहे आणि ते एका जुन्या विहिरीत निघते. वह्यांतलीच आणखी एक कथा सतराव्या वेताळाच्या जुळ्या बहिणीची, ज्युलीची. भाऊ जखमी होऊन पडला तेव्हा तिने त्याचा पोशाख घातला आणि काम चालू ठेवले. ही कथा १९५२ सालची आहे. त्या काळच्या चित्रकथांत बायका बहुधा ओलीस धरल्या जाण्यापुरत्याच असत.

ईडन बेटाची कथा वेगळ्याच जातीची. तिथे वाघ आणि हरणे एकत्र राहतात. वाघांना पिल्लू असल्यापासून मासे खायला घातले, म्हणून त्यांना मांसाची चव माहीत नाही. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना हे पटणार नाही. मुलांना ते लगेच पटते.

या मालिकेचा एक दोष मात्र झाकता येत नाही. काळ्या माणसांच्या जंगलात गोरा माणूस न्याय देतो आणि सगळे त्याचे ऐकतात. वसाहतींच्या काळातली ही कल्पना आहे. फॉकने पुढे काही दुरुस्त्या केल्या. जंगलाचा देश स्वतंत्र झाला, लामांडा लुआगा हा काळा राष्ट्राध्यक्ष निवडून आला, गस्ती दलाची सूत्रेही काळ्या कर्नलकडे गेली. भारतीय संपादकांना वेगळीच अडचण होती. मूळ मालिकेत देशाचे नाव ‘बंगाली’शी जुळणारे आणि चाचे चक्क ‘सिंग’. इंद्रजालने देशाला डेंकाली केले आणि चाच्यांना सिंगा.

डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने देशी नायक आणला. आबिद सुरतींचा बहादुर भगवा कुर्ता आणि जीन्स घालतो, त्याला मुखवटा नाही. त्याचा बाप डाकू होता. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने बाप मेला, त्यानेच या पोराला वाढवले. चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रे ठेवली त्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती, त्यामुळे ही गोष्ट वाचकाला लांबची वाटली नाही. वेताळ बापाचा वारसा चालवतो, तर बहादुर बापाचा वारसा नाकारून उभा राहतो. गोविंद ब्राह्मणिया यांची चित्रे आणि बेला ही बरोबरीने लढणारी मैत्रीण यांमुळे ही मालिका रुजली.

मराठी हाताचा ठसा उमटला तो दिल्लीच्या एका हिंदी मालिकेवर. अमर चित्रकथेसाठी चित्रे काढणाऱ्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी १९८६ पासून राज कॉमिक्सच्या नागराजला रूप दिले. नागराजच्या शरीरात असंख्य साप राहतात. दुष्ट प्राध्यापक नागमणीने त्याला हत्यार म्हणून वाढवलेले असते आणि त्याच्या पकडीतून त्याला सोडवतात बाबा गोरखनाथ. नवनाथांच्या पोथीवर वाढलेल्या मराठी घरांत गोरखनाथांची ओळख करून द्यावी लागत नाही. पहिल्या अंकांतला हा सुटकेचा भाग नंतरच्या राक्षसांच्या आणि परग्रहवासीयांच्या गर्दीपेक्षा कितीतरी उजवा आहे.

इंद्रजाल १९९० मध्ये आठशेव्या अंकाचा टप्पा ओलांडून बंद पडले. घरोघरी दूरदर्शन पोहोचले होते. मूळ मालिका मात्र थांबली नाही. फॉकने १९९९ मध्ये मरेपर्यंत ती लिहिली आणि त्याच्यानंतर टोनी डीपॉल यांनी तिचे लेखन सांभाळले. वेताळाचे १९७७ मध्ये डायनाशी लग्न झाले होते आणि त्यानंतर त्यांना किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. डीपॉल यांनी त्यांना मोठे होऊ दिले. मुलगा शिकायला हिमालयातल्या मठात गेला आणि मुलगी न्यूयॉर्कच्या शाळेत. तिथे हेलॉइजचा सामना बापाच्या एका कट्टर शत्रूशी झाला, आणि त्यात तिने दाखवलेली धमक पाहिल्यावर बाविसावा वेताळ मुलगाच असणार, हे वाचकांना पूर्वीसारखे गृहीत धरता येईना.